दलदलीपलीकडची खिडकी

रविवारी दुपारी शिवणाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं, की गल्लीला कळायचं, आत खेळ बसला. मग कुणाची पँट आखूड करायची राहिलेली असो, नाहीतर कुणाच्या कोटाला अस्तर लावायचं असो, वाकून आत डोकावायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका नव्या गिऱ्हाइकानं डोकावलं. थोरलीनं त्याला एवढंच विचारलं, "का हो, तुमच्या घरी रविवार येत नाही वाटतं?" तो माणूस सोमवारीसुद्धा परत आला नाही.

थोरली म्हणजे दुकानाची मालकीण. शाळेत जेमतेम गेलेली, जोडाक्षर आलं की तिची गाडी अडायची. पण तोंडाचा पट्टा असा, की सुटला म्हणजे भल्याभल्यांनी बाजूला व्हावं. नवरा होता तोवर दुकान त्याचं आणि आवाज हिचा, असं लोक म्हणायचे. नवऱ्याला सगळे मास्तर म्हणत. मास्तर कमी बोलायचे, कारण ओठांत कायम टाचण्या धरलेल्या. बोललेच तर तोंडाच्या कोपऱ्यातून, आणि बहुतेक वेळा एकच वाक्य. गिऱ्हाईक कपड्यासाठी मागे लागलं, की कात्री न थांबवता विचारायचे, "घाई कोणाला आहे? तुम्हाला, की कापडाला?"

खेळही मास्तरांचाच. कापायचं लांब टेबल मोकळं करायचं आणि भोवती बसायचं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा विचारतो, आता तुम्ही काय करता? ज्यानं त्यानं आपल्या माणसाचं सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. असले खेळ दुसरीकडेही चालतात म्हणे, आणि तिथे काल गाढवं राखणारा माणूस महिन्याभरात आगीचे गोळे फेकायला लागतो. मास्तरांच्या देशात तसली चैन नव्हती. तिथे दलदल होती, धुकं होतं, आणि ओले जोडे होते. नुसतं विस्तव पेटवायला नीट शिकायचं, तर एक हिवाळा जायचा. कुणाला बरी कुऱ्हाड मिळाली, तर ती पुढचे कितीतरी रविवार चर्चेला पुरायची.

जादू होती, पण तिला हात लावण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. जादू मागणाऱ्यानं स्वतःतलं काहीतरी ठेवायचं आणि फासा टाकायचा. अठराच्या खाली पडला, तर जादू नाही आणि ठेवलेलं शाबूत. अठरा किंवा वर पडला, तर जादू होते आणि ठेवलेलं जातं ते कायमचं. फासा कुठेही गडगडत जावो, तो बघायचा खेळ चालवणाऱ्यानंच, आणि आकडा बोलायचा त्यानंच. तो आकडा बोलेपर्यंत, त्याच जागी असलेला दुसरा कुणीही म्हणू शकतो, त्याचं राहू दे, माझं घ्या. टेबलावर खडूनं त्या देशाचा नकाशा काढलेला, आणि त्यावर प्रत्येकाच्या माणसाचं एक बटण असायचं. बटण टेबलावर आहे, तोवर माणूस खेळात आहे.

मास्तर होते तेव्हा थोरलीही खेळायची. तिची एक नावाडीण होती, दलदलीच्या काठावर राहणारी, तोंडानं फटकळ. "वहिनींना सोंग घ्यायचे कष्टच नाहीत," असं कंपाउंडर म्हणायचा. हा कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातला, मास्तरांचा जुना दोस्त. दुसरा किल्लीवाला, समोरच्या जिन्याखाली बसून कुलपं उघडून देणारा. आणि तिसरी धाकटी जाऊ, काज-बटणाचं काम बघणारी, जरा भाबडी.

मास्तरांच्या शेवटच्या रविवारी मंडळी दलदलीपाशी पोचली होती. मास्तर म्हणाले, "पलीकडे एक खिडकी दिसते. तिच्यात दिवा आहे."

"कुणाचा?" थोरलीनं विचारलं.

"पोचाल तेव्हा कळेल. घाई कोणाला आहे?"

त्याच आठवड्यात, कोटाची पाठ कापता कापता मास्तर टेबलावर ओणवे झाले ते उठलेच नाहीत. कापड अर्धं कापलेलं आणि कात्री त्यातच राहिलेली. ती कात्री थोरलीनं पुसून खिळ्याला टांगली, आणि तिला कुणी हात लावायचा नाही, असं सांगून टाकलं.

पुढे मंडळी पुन्हा जमली, तेव्हा ती न विचारता मास्तरांच्या खुर्चीत जाऊन बसली. मनात म्हणाली, चार शब्द जुळवायचे, त्यात काय मोठं? पण जुळवावं लागलंच नाही. बसल्याबरोबर तिला दिसायलाच लागलं. काठावरचं लव्हाळं कुठल्या बाजूला वाकलंय, पाण्यावरचा तवंग कसा हलतोय, चिखलातून बुडबुडा येतो तेव्हा वास कसला येतो. आणि पलीकडची खिडकी, तिच्यातला पिवळा दिवा. हे आपण रचत नाही, कुणीतरी मागं उभं राहून दाखवतंय, एवढं तिला कळलं. मान वळवून बघायची मात्र हिंमत झाली नाही. मागे नुसता कपडे अडकवायचा पुतळा होता, हे ठाऊक असूनही.

नावाडिणीचं बटण तिनं उचललं नाही. काळं, चार भोकांचं, कोटाचं बटण दलदलीच्या अलीकडे पडून राहिलं.

धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही आता सांगणार ना? मग हे उचला की."

"राहू दे. खायला मागतंय का तुझ्याकडे?"

पहिल्या हिवाळ्यात कंपाउंडरनं धुक्यात वाट सापडावी म्हणून जादू मागितली आणि आपल्या माणसाच्या नाकाची शक्ती ठेवली. फासा अठराच्या वर पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या आठवड्यात कंपाउंडर दुकानात आला, तर इस्त्रीखाली लोकर जळत होती, डोळ्यांत पाणी येईल इतका धूर, आणि हा शेजारी उभा राहून हवापाण्याच्या गप्पा मारतोय. "सर्दी आहे हो वहिनी," म्हणाला. ती सर्दी काही गेली नाही.

नंतर पडकं दार उघडायला धाकटी आपली झोप ठेवायला निघाली, तर किल्लीवाला मध्ये पडला. "वहिनींची झोप राहू दे. माझी शीळ घ्या." हा माणूस दिवसभर कानस घासता घासता शीळ घालायचा, अख्ख्या गल्लीला पाठ झालेली. दार उघडलं. त्या दिवसापासून जिन्याखालून नुसता कानशीचा आवाज. विचारलं, तर म्हणाला, "पुढचा दात हलतोय, हवा निसटते."

प्रत्येकाकडे काही ना काही कारण होतं. दोन टोकं जुळवून बघितली ती एकट्या थोरलीनं. सांगणार कुणाला? हसले असते. आणि नसते हसले, तर खेळ मोडला असता. खेळ मोडावा असं तिला वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं, त्या प्रश्नाच्या वाटेला ती गेली नाही.

तिनं दुसराच मार्ग काढला. खेळ इतका हळू केला, की जादू मागायची वेळच येऊ नये. जोडे शिवा. मीठ शोधा. लाकडं वाळेपर्यंत थांबा. दलदल ओलांडायची तर नाव एकच, नावाडिणीची, आणि दर रविवारी थोरली बटणावर बोट ठेवून म्हणायची, "नावाडीण म्हणते, आज पाणी बरं नाही." कंपाउंडर हसायचा, किल्लीवाला मान हलवायचा आणि मंडळी पुन्हा काठावर मुक्काम ठोकायची. गंमत म्हणजे त्यांना ते आवडायला लागलं. "इथे साधी घोंगडी मिळाली तरी राजा झाल्यासारखं वाटतं," असं किल्लीवाला म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं.

मग आला पुतण्या.

धाकटीचा एकुलता एक. दीर कायम परगावी नोकरीला, त्यामुळे वाढला तो थोरलीच्याच धाकात. आता दुकानाचा कटर तोच. हात असा, की खडूची रेघ न मारता बाही कापावी आणि ती खांद्यात पाण्यासारखी बसावी. थोरलीनं त्याचं तोंडावर कौतुक कधी केलं नाही. पण नव्या गिऱ्हाइकाचा कोट कापायला तो बसला, की काहीतरी काम काढून ती आसपास घुटमळायची. मास्तर गेल्यावर दुकान त्याच हातावर उभं होतं. जिभेवर कधीच नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक.

तो मित्रांकडचे झटपट खेळ खेळून आलेला. लाल बटण घेऊन बसला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, लेव्हल कधी वाढते?"

"तुझी शाळेत कधी वाढली होती?"

हशा झाला. पण पोरगं चिकट निघालं. दर रविवारी त्या खिडकीचं काढायचं. तिथे कोण राहतं, दिवा विझत कसा नाही, आपण जात का नाही.

"कारण नावाडीण नाही म्हणते."

"नावाडीण म्हणजे तूच की!"

"मग मी नाही म्हणते. बस खाली."

त्या रविवारी आभाळ भरून आलेलं होतं. दुकानात भरदुपारी बल्ब लावावा लागला. धाकटी बरणीतली बटणं निवडत होती. कंपाउंडरनं चहात साखरेऐवजी मीठ आहे की काय असं विचारून घेतलं, कारण त्याला आताशा सगळ्याची चव सारखीच लागायची. थोरलीनं काठ सांगितला, लव्हाळं सांगितलं, आणि बटणावर बोट ठेवलं.

"नावाडीण म्हणते, आज पाणी..."

"बरं नाही," पुतण्यानं वाक्य पुरं केलं. "काकू, पुरे झालं. आम्हाला नाव नकोच. मी जादू मागतो. दलदल दगडासारखी घट्ट व्हावी, पलीकडे चालत जाता यावं."

थोरलीनं जोरात मान हलवली. "काही नको. आधी जोडे बघ आपले."

"नियम आहे. मागता येते." आणि त्यानं टेबलावरचा फासा उचलला. "मी माझा उजवा हात ठेवतो."

"अरे बाबा, हातच कशाला?" किल्लीवाला म्हणाला. "एखादं बोट ठेव."

"बोटाला कोण विचारतंय? मोठं मागायचं तर मोठं ठेवावं."

"थांब!" थोरली ओरडली. पण फासा हातातून सुटला होता. मोजपट्टीवर आपटला, उडाला, टेबलाखाली गेला आणि शिलाई मशीनच्या पायडलामागे कुठेतरी थांबला.

आता तो बघायचा थोरलीनंच. ती गुडघ्यांवर बसली. मशीनखाली चिंध्या, दोरे, गंजकी टाचणी. हात लांब करून तिनं चिंधी बाजूला सारली.

वीस.

वर कोणाला दिसत नव्हतं. सात म्हणावं आणि उठावं, एवढंच करायचं होतं. खोटा आकडा ती जन्मात बोलली नव्हती, पण पोरापुढे तो तोरा कशाला? तोंड उघडणार, तोच टेबलावरून काहीतरी घरंगळत तिच्या पुढ्यात पडलं. खडू.

"काकू," वरून पुतण्याचा आवाज आला, जरा हसरा, जरा चमकलेला. "हाताला मुंग्या आल्या गं. खडूसुद्धा धरवेना."

"अवघडून बसला असशील," धाकटी म्हणाली. "झटक जरा."

"झटकतोय. हलतच नाहीये."

थोरली तशीच ओणवी राहिली. म्हणजे फाशाला तिच्या बोलण्याची वाट बघायची गरजच उरली नव्हती. खोटं बोलून फसणार होती ती माणसंच. ज्याला कळायचं, त्याला कळलेलंच होतं. तिच्या मानेमागे गार वारा लागला. मागे पुतळ्याशिवाय कोणी नव्हतं. खिळ्याला टांगलेली कात्री, कुणी हात न लावता, एकदा उघडून मिटली.

आकडा अजून बोललेला नव्हता.

ती खडू घेऊन उठली. टेबलाला धरून उभी राहिली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कंपाउंडर चहा फुंकत होता. धाकटी लेकाचा पंजा आपल्या हातांत घेऊन चोळत होती. पंजा पांढरा पडला होता, पुतळ्याच्या हातासारखा. धाकटीला कळलं असतं, तर तिनं आपला प्राण ठेवला असता. म्हणून तिला कळायच्या आत बोलायला हवं होतं.

थोरलीनं काळं बटण पुढे सरकवलं.

"माझं बटण टेबलावर आहे. त्याच काठावर आहे. बरोबर?"

"आहे की," किल्लीवाला म्हणाला. "तुम्ही कधी उचललंच नाही."

"मग ऐका. पोराचा हात राहू दे. नावाडीण आपली जीभ ठेवते." तिनं श्वास घेतला. आणखी काय बोलावं ते तिला सुचलं नाही. आयुष्यभर बोललेल्या बाईला नेमकं तेव्हाच सुचलं नाही. "आणि फाशावर वीस आहेत."

कंपाउंडर टेबलावर थाप मारून हसला. "वहिनींची जीभ! वा! आता जरा निवांत चहा प्यायला मिळणार!"

"आई," पुतण्या म्हणाला, "गेल्या मुंग्या." त्यानं मूठ वळली आणि उघडली. हाताला पुन्हा रंग आला होता.

सगळे थोरलीकडे वळले. जादू लागली होती, आता पुढचं तिनं सांगायचं. तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्याच्या शिरा ताणल्या. आवाज नाही. नुसतं वारं, रिकाम्या बाटलीत फुंकर मारल्यासारखं.

"जाऊबाई, झकास करताय हं," धाकटी म्हणाली. मग तिचं हसू उतरलं. "जाऊबाई? अहो, बोला ना. चेष्टा पुरे."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. एवढा वेळ ती कधी कुणाकडे न बोलता बघत राहिली नव्हती. कंपाउंडरचा कप खाली आला. त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि तिथेच राहिला. किल्लीवाल्यानं ओठांचा चंबू केला, फुंकलं, पुन्हा फुंकलं.

"खेळ बंद करा," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता बंद करा."

ती बटणं गोळा करायला वाकली. पण टेबलावरची बटणं आता काठावर नव्हतीच. कुणीही न सरकवता ती एका ओळीत दलदलीच्या मधोमध गेली होती, काळं बटण पुढे. ठेवलेली जीभ नावाडिणीची, म्हणून जादूही तिच्या नावेला लागली होती: दलदल दगड झाली नव्हती, नाव निघाली होती. दर रविवारी नाही म्हणणारी बाई आता नाही म्हणू शकत नव्हती.

मधोमध सोडून उठायचं नाही, हा मास्तरांचा दंडक. जिथे माणूस असेल तिथेच तो राहील, असं ते म्हणायचे. तेव्हा ते धमकावण्यासारखं वाटलं नव्हतं. थोरलीनं पुतण्याचा दंड धरला आणि त्याला खुर्चीकडे ढकललं.

"मी? मला काय येतंय त्यातलं?"

तिनं खांदे दाबून त्याला बसवलं. बसल्याबरोबर पोराचे डोळे समोर कुठेतरी दूर लागले. तिनं ओळखलं, याला दिसतंय.

"पाणी काळं आहे," तो हळू बोलायला लागला. "नावाडीण वल्हवतेय. बोलत नाही. लव्हाळं मागे पडलं. काठ लागला." तो पुढे वाकला. "खिडकी जवळ आहे. काचेला वाफ धरलीय. आत टेबल आहे, लांब. त्यावर कोटाची पाठ, अर्धी कापलेली. एक माणूस पाठमोरा उभा राहून कापतोय. कात्रीचा आवाज येतोय."

येतच होता. सगळ्यांना ऐकू येत होता. खिळ्याकडे कुणी बघितलं नाही.

"तो मागे वळत नाही," पुतण्या म्हणाला, आणि त्याचे ओठ एकाएकी मिटले, घट्ट, मध्ये काहीतरी धरल्यासारखे. पुढचे शब्द तोंडाच्या कोपऱ्यातून आले. आवाज त्याचा नव्हता.

"घाई कोणाला होती?"

धाकटीनं तोंडावर हात धरला. कंपाउंडर आणि किल्लीवाला दोघांच्याही नजरा नकळत पुतण्यावर गेल्या, कारण घाई करणारा तोच होता. पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तोंड मिटलेलं होतं, आणि कात्री चालू होती. उत्तर मिळेतो ती चालू राहणार होती.

थोरलीच्या ओठांवर उत्तर आलं. आजवर कुणाचं उत्तर उधार न ठेवलेली, खणखणीत बोलणारी बाई. ती खुर्चीपुढे येऊन उभी राहिली. दर रविवारी आपण कोणासाठी बसतो, खिडकी जवळ येऊ नये म्हणून धडपडायचं आणि दिवा विझू नये म्हणून खेळ चालू ठेवायचा, हे कोणासाठी, ते, आणि त्या दिव्यापाशी पोचायची सगळ्यांत जास्त घाई कोणाला होती तेही, तिला इतकी वर्षं माहीत होतं. उच्चारलं नव्हतं एवढंच.

मुठीत खडू होता. टेबलावर वाकून तिनं खडूनं दोन अक्षरं काढली, मोठी, वाकडी, जोडाक्षर नसलेली.

मला.

पुतण्या काचेतून बघत असल्यासारखा बघत राहिला. मग ओठ सुटले आणि त्याचा स्वतःचा आवाज परत आला, अगदी बारीक.

"कात्री थांबली," तो म्हणाला. "काकू, ते वळतायत."